लातूरकडं तोंड केलेला अँटेना

आत्या,

सुनीचा फोन आला तेव्हा मी मोबाईलच्या टॉवरवर होतो. वर असताना मी फोन उचलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लागोपाठ तीनदा वाजला, तरी उचलला नाही. पट्ट्याचे दोन्ही हुक तपासले, पुन्हा तपासले, मग एकेक पायरी मोजत खाली उतरलो. खाली येऊन बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलेली नव्हती. मग फोन लावला. सुनी म्हणाली, "दादा, आत्या गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकली, अन् गेली."

इथून, आसामातून, अहमदपूरच्या पुढं आपल्या गावात पोचायला तीन दिवस लागतात. आबांनी विचारलं, थांबायचं का. मी म्हणालो, नका थांबू. ज्या बाईनं मला पायावर उभं केलं तिच्या मातीलाही मी नव्हतो.

सुनी म्हणाली, दादा, येईपर्यंत काहीतरी लिहून पाठव, तेराव्याला मी वाचून दाखवते, तू बोलायला उभा राहिलास की घशातच अडकतं. खरं आहे तिचं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे हे, तेव्हा काना-मात्रा सुनी नीट करून घेईल. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मी वीस वर्षं टाळाटाळ केली. आता सगळ्यांच्या देखत वाचली जाईल, हे बरंच आहे. बोललोही सगळ्यांच्या देखतच होतो.

पण आधी अँटेनाचं.

आपलं गाव नांदेड आणि लातूरच्या बरोबर मधे. दोन्हीकडच्या टीव्हीच्या टॉवरला आपण टोकाचे. आबांनी बाजारातून जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला, माळवदावर लोखंडी पाईप रोवून अँटेना बसवला, आणि घरात कायमचं एक भांडण आलं: तोंड कुणीकडं करायचं. नांदेडचा टॉवर उगवतीकडं, लातूरचा मावळतीकडं. गावात अर्धे अँटेना नांदेडकडं बघायचे, अर्धे लातूरकडं. ज्याची सोयरीक ज्या बाजूची त्याचा अँटेना त्या बाजूला, अशी पारावर चेष्टा चालायची. कोणाचं लग्न जमलं की लोक विचारायचे, आता पाईप फिरवायचा का?

आपल्या घरात पाईप फिरवायचा मी आणि खिडकीत उभी राहून सांगायचीस तू. आबांना पडद्यावर काय सुधारलं ते कळायचंच नाही, मायला वेळ नसायचा, सुनी लहान. तुला मात्र नजर होती. तू कधी शाळेत गेली नव्हतीस, पण पडद्यावरच्या मुंग्या पाव हिश्शानं कमी झाल्या तरी तुला समजायचं. मी वर पाईप धरून, तू खाली, आणि तुझा आवाज माळवदाच्या झरोक्यातून वर यायचा. "हं. हं. जरा अजून. हां, आलं." मी थांबलो की तू लगेच ओरडायचीस, "थांबू नको. अजून जा. बिघडू दे."

मला राग यायचा. चांगलं दिसायला लागलंय तर बिघडवायचं कशाला?

"बिघडल्याबिगर कसं कळंल तुला, बरं कुठं होतं ते? जा पुढं. हां, गेलं. आता परत ये. बोटभर. अजून बोटभर. हितं."

आणि खरंच, पहिल्यांदा जिथं मी थांबलो होतो त्याहून ते "हितं" नेहमी बरं असायचं.

बुस्टरचं तुला आठवत असेल. अहमदपूरला बाजाराच्या दिवशी दुकानदारानं मला सांगितलं, हा लाव, कसलंही चित्र ओढून आणतो. मी आणला आणि टीव्हीच्या शेजारी फळीवर ठेवला. त्याचा लाल दिवा लागला तेव्हा माझी छाती फुगली. पडद्यावर मात्र मुंग्या दुप्पट झाल्या. मला वाटलं, एक कमी पडतोय. मग शेजारच्या गणपतरावांचा मागून आणला आणि एकापुढं एक दोन जोडले. आता बातम्या देणारी बाईच दिसेना. तू ज्वारी निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "गढूळ पाण्याला मोठी मोटर लावली तर काय येईल? जास्तीचा गाळ."

मी म्हणालो, तुला काय कळतंय यातलं.

"मला काहीच कळत न्हाई. पण वरून खाली येईस्तोवर वायरीत चित्र गळून जातंय, एवढं दिसतंय. गळायच्या आधी धर की त्याला. डबा वर ने."

दुसऱ्या दिवशी मी बुस्टरचा डबा पाईपावर, अँटेनाच्या अगदी जवळ बांधला. पाण्यापासून जपायला तू गोडेतेलाचा रिकामा कॅन बुडाकडून कापून दिलास, तो त्याच्यावर उपडा घातला. त्या संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं कळायला लागलं. तू म्हणालीस, "खोटं हाय ते. सोन्याचं असतं तर एवढं हललं नसतं." पुढं कित्येक वर्षांनी इंजिनिअर लोकांनी मला हेच शिकवलं, इंग्रजीत, पाटीवर आकडे लिहून. मी मान डोलवत होतो आणि मला तेलाच्या कॅनचा वास येत होता.

थंडीच्या सकाळी धुकं दाट असलं की आपल्या चित्रावर मधेच दुसरंच चित्र चढायचं, कधी तेलुगू बोलणारी माणसं, कधी कानडी. मी घाबरून पाईपाकडं पळायचो, काहीतरी बिघडलं म्हणून. तू मला बसवायचीस. म्हणायचीस, पाव्हणे आलेत, ऊन पडलं की जातील, त्यांना हाकलू नको. मी लहानपणापासून असाच, काही हललं की पोटात कालवणारा. तुझ्यापाशी बसलं की ते थांबायचं. तू काही समजूत घालायची नाहीस. फक्त चहाची बशी पुढं करायचीस.

शाळा सुटली तेव्हाही तेच. गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं आणि मी तिथून सरळ घरी आलो तो पुन्हा गेलोच नाही. आबा तिसऱ्या दिवशी म्हणाले, बैलामागं लाव त्याला, तेवढीच लायकी. तू तव्यावरची भाकरी उलटवत म्हणालीस, "त्याला पुस्तकातलं दिसत न्हाई. पण हाताला कळतंय त्याच्या. तसं काम बघा." माझ्या बाजूनं घरात बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य.

आता ते सांगतो.

त्याच वर्षी एका रविवारी क्रिकेटचा सामना होता. अर्धी गल्ली आपल्या घरात. चित्र आलं, गेलं, आलं, आणि शेवटी मुंग्याच मुंग्या. माणसं कुजबुजायला लागली की पलीकडं गणपतरावांकडं लख्ख दिसतंय, त्यांचा नांदेडकडं आहे. मी वर पाईप धरून घामाघूम. मी म्हणालो, नांदेडकडं फिरवतो. तू खिडकीतून म्हणालीस, नको, लातूरच बरं हाय, जरा थांब, येतंय. मी पुन्हा म्हणालो. तू पुन्हा नको म्हणालीस. आणि मी वरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "तुला सासरकडं तोंड करायचं न्हाई, म्हणून साऱ्या घरानं मुंग्या बघायच्या का?"

तुझं सासर नांदेडच्या बाजूचं. तिथून तू कपड्याची एक पिशवी घेऊन परत आली होतीस, आणि त्यानंतर ती गोष्ट आपल्या घरात कोणी काढत नसे. आबासुद्धा नाही. मी काढली. माळवदावरून, गल्लीच्या देखत, एका सामन्यासाठी.

माणसं एकेक करून उठून गेली. तू खिडकीतून बाजूला झालीस. मी खाली आलो तेव्हा तू ज्वारी निवडत होतीस. सूप भरलेलंच होतं, तू नुसता हात फिरवत होतीस.

दोन दिवस तू टीव्हीपुढं आली नाहीस. तिसऱ्या दिवशी मी शेतातून आलो तर टीव्ही चालू आणि चित्र कधी नव्हे इतकं उजळ. वर बघितलं तर अँटेनाचं तोंड नांदेडकडं. तू एकटीनं माळवदावर चढून पाईप फिरवला होतास. गंजलेला बोल्ट सोडवताना तळहात सोलला होता, त्याला हळद लावून तू चुलीपुढं बसली होतीस. एवढंच म्हणालीस, "आता बघ निवांत."

मी बघायला बसलो. चित्र उजळ होतं, पण प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकट सावली उभी होती. बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं. अक्षरावर अक्षर. थोड्या वेळानं डोकं दुखायला लागलं. चुलीकडून तू म्हणालीस, रागानं नाही, "उजळ हाय, पण एकाची दोन दिसतात. टाकीवर आपटून येतंय ते. लातूरचं फिकं हाय, पण एकच हाय. म्हणून म्हणत होते."

गावातली पाण्याची टाकी. म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं. तू कधीतरी दोन्हीकडं फिरवून बघितलं होतंस. फिक्याला बुस्टर लावता येतो, दुहेरीला काही करता येत नाही, हे तू केव्हाच ठरवून टाकलं होतंस.

मी उठलो, वर गेलो आणि पाईप परत लातूरकडं फिरवायला लागलो. सुनीला खिडकीत उभं केलं. ती प्रत्येक वेळी आलं म्हणायची. मी हताश होऊन पाईप धरून उभा राहिलो. मग झरोक्यातून आवाज आला.

"थांबू नको. अजून जा. बिघडू दे."

माफी मात्र मी मागितली नाही. खाली आलो, तू ताट वाढलंस, मी जेवलो. तुझ्या हाताची हळद मला दिसत होती. जीभ उचललीच नाही.

त्यानंतर मोबाईलचे टॉवर उभे करणारी टोळी अहमदपूरच्या रस्त्याला आली आणि मी त्यांच्याबरोबर निघालो. माय रडली. आबा म्हणाले, पडलास तर हाडं कोण गोळा करणार. तू मला माळवदावर घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "तुझ्या मागं वारं सुटलं, वानरं लोंबकळली अन् हे फिरलं तर मी एकटी वर का खाली?" तुला एकाच वेळी पाईप धरायचा आणि पडदा बघायचा, हे जमणार नव्हतं. मी करवतीच्या पात्यानं पाईपावर लातूरच्या बाजूनं एक रेघ मारली आणि खाली पाईप आवळलेल्या पट्टीवर एक. दोन्ही रेघा एका ओळीत आल्या की लातूर. तू त्यावरून बोट फिरवून बघितलंस आणि म्हणालीस, आता जा.

पहिल्याच कामावर मी नापास होणार होतो. दोन डोंगरांवर दोन डिश, एकमेकींकडं तोंड करून बसवायच्या. मी डिश फिरवायचो आणि पलीकडून एक जण फोनवर सिग्नलचा आकडा सांगायचा. आकडा चांगला आला, मी थांबलो, बोल्ट आवळायला घेतला. सुपरवायझर खालून शिव्या घालायला लागला की हा खोटा आहे, खऱ्याच्या आजूबाजूला असे खोटे दोन-तीन लागतात, नवशिके तिथंच फसतात. कसा ओळखायचा ते त्यानं सांगितलं नाही. मी मनात म्हणालो, बिघडू दे. पुढं गेलो. आकडा पडला, पार तळाला गेला, आणि आणखी पुढं गेल्यावर असा चढला की पलीकडचा माणूस आकडा सांगायचाच थांबला. त्याच्याही पुढं गेलो आणि बोटभर, बोटभर करत परत आलो. सुपरवायझरनं विचारलं, कुठं शिकलास? मी म्हणालो, घरी.

त्या दिवसापासून माझं पोट याच्यावर चाललंय. हाताखाली आता सहा पोरं आहेत, सगळ्यांना तुझंच वाक्य शिकवलंय, मराठीतच. बंगाली पोरगा "बिगडू दे" म्हणतो तेव्हा तू ऐकायला हवी होतीस.

पाण्यावरून, पत्र्यावरून, टाकीवरून आपटून चित्राची दोन कशी होतात तेही मी याच कामात पुरतं समजलो. जेवढं समजत गेलो तेवढं ते माळवदावरचं वाक्य जास्त बोचत गेलं. तू बरोबर होतीस आणि मी तुझ्या जखमेवर बोट ठेवून तुला गप्प केलं होतं. तरी एक विचारतो, आत्या, रागावू नको: थोडंसं तेही होतं का? नांदेडकडं पाठ करून बसायला बरं वाटायचं का तुला? असलं तरी तुझा हक्क होता तो. हा वाद मला तुझ्याशी एकदा निवांत घालायचा होता. तू हसली असतीस असं वाटतं.

दर रविवारी फोन लावायचो तो हेच बोलायला. ठरवून लावायचो. आणि तू "हॅलो" म्हणालीस की तोंडातून निघायचं, "अँटेना खुणेवर हाय का?"

"हाय. खुणेवर हाय. तू जेवलास का?"

पुढं छतावर डिशची छत्री आली, सुनीच्या मोबाईलवर सगळं दिसायला लागलं, नांदेड-लातूरचे ते दोन्ही टॉवर बंद पडल्याचंही मी ऐकलं. तरी आपलं बोलणं तेच. तू खुणेवर आहे म्हणालीस की माझं पोट आठवडाभर शांत राहायचं. दुसऱ्या दिवशी वर चढताना हात स्थिर असायचे.

सुनीचं लग्न नांदेडला मंगल कार्यालयात झालं तेव्हा मला दोनच दिवस सुट्टी होती, गावाकडं येणं झालं नाही, त्याच्या आधी काही वर्षं नाही अन् नंतरही नाही. तू मात्र आलीस. इतक्या वर्षांनी नांदेडला. खुर्चीवर ताठ बसली होतीस, जणू आपल्याच गावातल्या लग्नात बसलीस. मी चहा घेऊन आलो, शेजारी बसलो, म्हटलं आज बोलायचंच. तू बशीत चहा ओतून अर्धा मला दिलास. मी विचारलं, खुणेवर हाय का? तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "हाय की."

परवा मी सुनीला म्हणालो, माझं एक काम कर, वर जाऊन बघ, अँटेना खुणेवर आहे का. तेवढंच मला बरं वाटेल. ती म्हणाली, "दादा, अँटेना कुठाय आता? माझ्या लग्नाच्या आधीच वावटळीत पडला. काड्या वानरांनी मोडल्या. माळवद पाडून आबांनी पत्रे टाकले त्यालाही तीन वर्षं झाली."

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही?

"आत्यानं सांगू दिलं न्हाई. म्हणाली, तो उंचावर असतोय. हात थरथरायचा त्याचा."

मग सुनी रडता रडता हसायला लागली. पाईप आहे म्हणाली. घरामागं तू तो दोडक्याच्या वेलासाठी रोवलास. आबा खड्डा बुजवत होते तर तू त्यांना थांबवलंस आणि पाईप जरा जरा फिरवत बसलीस, रेघ मावळतीकडं येईपर्यंत. आबा म्हणाले, शेवंता, दोडक्याला काय बातम्या बघायच्यात? तू आधी पुढं फिरवलास, मग बोटभर मागं.

म्हणजे तू मला खोटं कधीच सांगितलं नव्हतंस.

आत्या, त्या रविवारी मी जे बोललो ते चुकीचं होतं, आणि बोललो ते त्याहून चुकीच्या जागी. माफ कर. हे वाक्य सुनी वाचेल तेव्हा गल्लीतली तीच माणसं समोर असतील, निदान जेवढी उरलीत तेवढी. त्यांनी ते ऐकलं होतं, हेही ऐकावं.

उद्याच्या गाडीनं निघतोय. नांदेडला उतरीन, तिथून बस. आल्यावर आधी घरामागं जाईन. आज सकाळी वर चढलो, राहिलेली डिश लावून दिली. हुक एकदाच तपासले. हात थरथरला नाही.

इकडं सगळं खुणेवर हाय, आत्या. जेवलोय.

तुझा,
दत्ता